मुलाचं वजन – डाएट चार्ट हवा आहे (तातडीने)

रिकामी_वही
मुलाचं वजन ४८ झालंय. गोड बंद केलं, रोज सकाळी काट्यावर उभा करते, शून्य फरक. काल गादीखाली बिस्किटांचे कागद सापडले, नीट घडी घालून ठेवलेले. "व्यायाम करवा, बाहेरचं टाळा" हे कृपया सांगू नका, माहीत आहे. कुणाकडे गुण आलेला चार्ट असेल तर इथेच टाका. शक्यतो आजच.

धुकट
वय? उंची? नुसत्या ४८ वरून काय कळणार? पंधराव्या वर्षी ४८ म्हणजे उलट सडपातळ.

चाकावरचा
सायकल घेऊन द्या. आमच्याकडे एका सुट्टीत फरक पडला. विषय संपला.

लिंबूटिंबू
आधी थायरॉईड. माझ्या भाचीचं तेच निघालं होतं.

धुकट
@लिंबूटिंबू, थायरॉईड कमी असेल तर मुलांची उंचीही बहुधा खुंटते. म्हणूनच विचारतोय ना उंची!

रिकामी_वही
वय ९, उंची १३८. वर्गात मागच्या रांगेत बसवतात, इतका उंच आहे. झालं समाधान? आता चार्ट.

हिशेबनीस
बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५.२ येतो. २५ पर्यंत नॉर्मल. ०.२ साठी एवढा घोर कशाला?

दुपारची_ओपीडी
हिशेबनीस, ते मोठ्यांचं कोष्टक झालं. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी बघून ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ९ वर्षांच्या मुलाला साधारण २०.५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. म्हणजे हे ०.२ चं प्रकरण नाही.
मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या ओपीडीत बसते. ताई, घोरतो का? गुडघा किंवा जांघ दुखते, लंगडतो? स्टेरॉईडची औषधं कधी चालू होती? मान काळवंडलीय?

रिकामी_वही
घोरतो, पण त्याचे बाबाही घोरतात. बाकी काही नाही. मान मळते, रोज घासते तरी निघत नाही. हल्ली अंघोळीला रडतो. त्याचा इथे काय संबंध?

दुपारची_ओपीडी
घासणं आजच थांबवा. तो बहुधा मळ नाही. इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासं झालं की मानेची आणि काखेची कातडी अशी जाड, मखमली काळी होते. साबणाने जाणार नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, साखर, चरबी, यकृत आणि रक्तदाब बघतील. घोरणंही आवर्जून सांगा, झोपेत श्वास अडकत असू शकतो.

अर्धापेला
माझा मुलगा उलट काहीच खात नाही. वजन वाढायला काय देऊ?

चाकावरचा
आमच्या वेळी मान काळी असली तर दगडाने घासायचे. सगळ्यात आजार शोधायचे! मूल दिवसभर हुंदडलं पाहिजे, बस.

धुकट
हुंदडावंच, रोज तासभर तरी. पण ते कागद घडी घालून का ठेवतोय, याचं उत्तर सायकलीत नाही.
मी त्या वयात लपवून खायचो. घरात सगळ्यांच्या ताटात एक, माझ्या ताटात दुसरं. काट्यावर उभं राहायच्या आधी मी श्वास रोखून धरायचो, जणू त्याने वजन उतरेल.

रिकामी_वही
तोही श्वास रोखतो. मला वाटायचं गंमत करतोय.
कोल्ड्रिंक घरात येतच नाही. तहान लागली की साखर न घातलेला ज्यूस देते.

दुपारची_ओपीडी
दिवसाला किती? वरून साखर नसली तरी २५० मिली ज्यूसमध्ये फळाचीच साधारण २५ ग्रॅम साखर असते, जवळपास कोल्ड्रिंकइतकीच. तहानेला पाणी. फळ चावून खाऊ दे.
चार्ट मी देणार नाही. वाढत्या वयात उपाशी ठेवायचं नसतं. घरात जे शिजेल ते सगळ्यांना एकच, बाबांनाही. वजन आहे तिथेच थांबून उंची १४४ झाली, तरी बीएमआय २३ वर येतो. थांबवायचं की हळूहळू उतरवायचं, ते तपासून डॉक्टर ठरवतील.

रिकामी_वही
तीन ग्लास.
उद्या संध्याकाळची वेळ मिळालीय. बाबांच्या फरसाणाचं मी बघते.

हिशेबनीस
तुमचा काटा डिजिटल आहे का? माझा दर वेळी वेगळंच दाखवतो.

रिकामी_वही
माळ्यावर टाकलाय. हवा तर घेऊन जा.