मदत हवी आहे: ऑरगॅनिक मॅप्स हे नकाशाचं ॲप सोर्सवरून (मूळ कोडवरून) स्वतः बिल्ड करू की तयार एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) बरं?

ट्रेकला ऑफलाइन नकाशासाठी एफ-ड्रॉइडवरचं (मुक्त ॲप्सचं स्टोअर) तयार ॲप वापरतो. तक्रार एकच: भर उन्हात ट्रॅकची रेघ दिसत नाही. ती जाड करायची म्हणून सोर्स उतरवला. सबमॉड्यूल्स (सोबत लागणारे इतर प्रकल्पांचे कोड) घ्यायचे राहिले, ते पुन्हा ओढले. मग सी++ चा भाग कंपाइल होताना ८ जीबीचा लॅपटॉप गपगार! रात्रभर पंखा घरघरत होता, घरचे वैतागले.

फक्त आर्म६४ (फोनच्या प्रोसेसरचा एक प्रकार) साठी बिल्ड केलं तर भार हलका होईल का? शिवाय माझ्या बिल्डची डिजिटल सही वेगळी, त्यामुळे जुन्या ॲपवर अपडेट बसणार नाही. काढून टाकलं तर बुकमार्क जातील. आधी ते केएमझेड फाइलमध्ये (नकाशावरच्या खुणांची फाइल) एक्सपोर्ट केले तर पुरेसं आहे ना? त्यात हरिश्चंद्रगडाच्या पाण्याच्या टाक्यांच्या खुणा आहेत. कुणी केलंय का हे?