माल्टा, पाणी १५ अंश: ड्रायसूटच्या आत काय घालावं?

माहीमकर: फेब्रुवारीत माल्टाला ४५ मिनिटांच्या दोन डाइव्ह आहेत. ट्रायलॅमिनेट ड्रायसूट (तीन थरांच्या पातळ कापडाचा, पाणी आत न येऊ देणारा डायव्हिंगचा सूट) तिथे भाड्याने मिळतोय, आतले कपडे मुंबईतून न्यायचेत. ट्रेकिंगची थर्मल चालतील?

खोलपाणी: चालतील, पण सुती अजिबात नकोत, बनियनसुद्धा नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि दुसऱ्या डाइव्हला हुडहुडी भरते. अंगालगत पातळ मेरिनो किंवा पॉलिस्टर, त्यावर २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या कापडाचा) फ्लीस वनपीस. ट्रायलॅमिनेटला स्वतःची ऊब जवळपास नसतेच. ऊब देते ती फ्लीसमध्ये अडकलेली हवा.

माहीमकर: मग ४००चा घेऊ? थंडी सोसत नाही.

शिसंवाले: नको. जाडी वाढली की पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर बांधायचं शिसंही वाढतं. सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा उरलेली असताना, सूटमधली हवा काढून ५ मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे; वजन त्या हिशेबाने लावा. त्यापेक्षा वेगळं फ्लीसचं जाकीट न्या, लागलं तर चढवा. दुकानात घालून उकिडवे बसा, दोन्ही हात डोक्यामागे न्या. काखेत ओढलं तर एक माप मोठं.

खोलपाणी: बाहीचं टोक मनगटाच्या सीलखाली (पाणी अडवणाऱ्या घट्ट कडेखाली) गेलं तर वातीसारखं पाणी आत चढतं. सीलखालून बोट फिरवून बघा, नुसती कातडीच लागली पाहिजे.