सोसायटी ग्रुप: रविवारचा सत्कार (चिपळूण, मे २०२५)

सचिव (बी-२०१): सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार 🙏 समोरच्या रस्त्याला आमदार निधीतून हायमास्ट दिवा लागला, त्याबद्दल येत्या रविवारी सायं. ५ वा. आमदारसाहेबांना बोलावून छोटेखानी सत्कार करावा असं कमिटीचं मत आहे. शाल, श्रीफळ, चहापाणी धरून प्रत्येक फ्लॅटमागे २०० रु. खजिनदारांकडे द्यावेत.

नाना (ए-००२): सत्कार करा, जरूर करा. पण मागच्या गटारात गुडघाभर गाळ आहे त्याचं काय? मृग तोंडावर आलाय.

नाना (ए-००२): [फोटो]

नाना (ए-००२): परत टाकतो, पहिला धूसर आला. [फोटो]

वहिनी (बी-३०३): नाना, हा गेल्या वर्षीचा फोटो ना? तीच निळी बादली दिसतेय.

नाना (ए-००२): बादली आमचीच. गेल्या वर्षी तिथेच होती, यंदाही तिथेच आहे. गाळासारखी.

बापू (ए-१०१): गटाराचा आणि आमदाराचा संबंध काय? उद्या बल्ब गेला तरी त्यांनाच फोन लावाल.

भाऊ (बी-१०४): मग कोणाला लावायचा बापू? तीन वर्षं झाली, पालिकेत प्रशासक बसलाय. नगरसेवकच नाही तर माणूस कोणाच्या दारात जाणार? दाखला, गटार, पाणी, सगळं आमदाराच्याच ऑफिसात.

सचिव (बी-२०१): कृपया विषयाला धरून बोलावे 🙏 सामोसे की बटाटेवडे एवढंच सांगा.

वहिनी (बी-३०३): बटाटेवडे. सामोसे गेल्या वेळी गार आले होते.

अप्पा (ए-२०४): सत्काराला माझा विरोध नाही. पण पत्रिकेत ‘नदीतील गाळ काढून शहर पूरमुक्त केल्याबद्दल’ असलं काही छापू नका. जुलै २०२१ च्या महापुरानंतर डिसेंबरमध्ये प्रांत कचेरीसमोर चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण झालं म्हणून सरकार हललं. मी स्वतः मंडपात बसलोय.

बापू (ए-१०१): एक दिवस.

अप्पा (ए-२०४): साखळी उपोषणाला पाळीपाळीनंच बसतात. तू कुठे होतास तेव्हा?

बापू (ए-१०१): दुकानातला चिखल काढत होतो. पाच महिने झाले तरी संपत नव्हता.

नाना (ए-००२): मागच्या गटारात गुडघाभर गाळ आहे.

डोंबिवलीकर (बी-३०२): नमस्कार. मी तिथे राहत नसलो तरी मेंटेनन्स वेळेवर भरतो म्हणून बोलतो. साहेब येणार असतील तर निळ्या-लाल पूररेषेचं निवेदन आधी द्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. अर्धं गाव त्यात बसतं. माझ्या फ्लॅटला गिऱ्हाईक येतं, रेषा ऐकतं आणि चहा न पिता जातं.

वहिनी (बी-३०३): तुमच्या फ्लॅटमध्ये चहा करायला भाडेकरू तरी ठेवा. बाल्कनीत कबुतरांनी संसार थाटलाय.

डोंबिवलीकर (बी-३०२): त्याबद्दल वेगळं बोलू.

भाऊ (बी-१०४): हा मुद्दा मात्र खरा आहे. रेषा हलवणं हे आमदाराचंच काम, विधानसभेत बोलायचं काम. हायमास्ट काय, कोणीही लावील.

बापू (ए-१०१): रेषा हलवून पाणी हलतं का? २२ जुलैला पाण्यानं रेषा विचारून शिरकाव केला होता वाटतं.

अप्पा (ए-२०४): कोळकेवाडी धरणाचं अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतरचं पाणी, सोडलं नसतं तर

सचिव (बी-२०१): अप्पा, हात जोडतो. कोळकेवाडी नको. गेल्या वेळी पहाटे दोनपर्यंत चाललं होतं.

ताई (ए-३०१): मी एवढंच म्हणते, श्रेयावरून भांडायची गरज नाही. उपोषणाने दबाव आला, विधानसभेत विषय निघाला, जलसंपदा खात्याची यंत्रं वाशिष्ठी नदीत उतरली, शिवनदीत ‘नाम’ फाउंडेशनने हात लावला. नदीतली बेटं काढली ती आपण पुलावरून बघायला जायचो ना? २०२१ नंतर पाणी काठाला लागलं, बाजाराच्या सखल भागात आलंही, पण तसं चढलं नाही. एनडीआरएफची तुकडी आता पावसाळ्यात इथेच मुक्कामाला असते. २०२१ मध्ये बोटींची वाट बघत गच्चीवर बसलेली माणसं आहेत या ग्रुपवर. मात्र गाळ एकदा काढून भागत नाही, दरवर्षी वरून येतो. साहेबांना विचारायचं तर हे विचारा, की दरवर्षीची तरतूद कुठे आहे.

नाना (ए-००२): तुम्ही वरच्या मजल्यावरून छान बोलता ताई. आमचा फ्रिज तरंगत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आला होता. पंख्याच्या पात्याला चिखल होता. मी ती खूण अजून रंगवलेली नाही.

ताई (ए-३०१): नाना, ती रात्र आणि दुसरा दिवस तुम्ही सगळे आमच्याच घरी होतात. मी उपकार म्हणून काढत नाही, पण ‘वरच्या मजल्यावरून’ असं नका म्हणू.

नाना (ए-००२): तसं नव्हतं म्हणायचं. तुमच्या घरची पिठी-भात अजून आठवतो. पण गटार.

भाऊ (बी-१०४): मी आत्ता मंजूर नकाशा काढून बघितला. रस्त्याखालच्या मोरीपर्यंतचं गटार आपल्या प्लॉटच्या आत आहे. म्हणजे आमदार निधी तिथे लागूच शकत नाही. वर्षाला ५ कोटी मिळतात, ते अख्ख्या मतदारसंघाला, संगमेश्वर धरून. आणि खासगी कंपाउंडच्या आत एक रुपया नाही.

वहिनी (बी-३०३): म्हणजे इतकी वर्षं नाना आपल्यालाच शिव्या घालत होते?

बापू (ए-१०१): 😂😂

नाना (ए-००२): हसू नका. गेल्या वर्षी कमिटीने ठेकेदाराला पैसे दिले ते कशाचे? त्याने गाळ काढून काठावरच ढीग लावला, पहिल्या सरीला परत आत. बिल मात्र पूर्ण.

सचिव (बी-२०१): त्याचा हिशोब वार्षिक सभेत मांडला होता. आपण गैरहजर होतात.

नाना (ए-००२): सभा तिसऱ्या मजल्यावर ठेवता आणि लिफ्ट बंद. माझे गुडघे बघितलेत?

अप्पा (ए-२०४): माझी सूचना: शाल-श्रीफळ रद्द. त्या पैशांत दोन मजूर आणि एक टेम्पो. गाळ उचलून लांब टाकायचा. साहेबांना तेच काम दाखवू आणि मोरीपासून शिवनदीपर्यंतचं गटार त्यांच्याकडे मागू. ते सार्वजनिक आहे, तिथे निधी बसतो.

भाऊ (बी-१०४): एकदम बरोबर. लेखी द्यायचं, पोच घ्यायची.

सचिव (बी-२०१): पण शाल आणून झाली आहे.

वहिनी (बी-३०३): नानांना घाला. नारळ फोडून वड्यांच्या चटणीला वापरू.

बापू (ए-१०१): मी टेम्पो सांगतो. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. वरच्या मजल्यावरच्यांनीही खाली यायचं, नुसतं 👍 नको.

ताई (ए-३०१): 👍

ताई (ए-३०१): म्हणजे येते. घमेलं आहे माझ्याकडे.

डोंबिवलीकर (बी-३०२): माझ्यातर्फे ५०० रु. पाठवतो. रेषेचं निवेदन मात्र सोबत जोडा.

नाना (ए-००२): [फोटो]

भाऊ (बी-१०४): नाना, पोचला, पोचला.

खजिनदार (बी-१०२): सर्वांचं ठरलं असल्यास एप्रिलचा मेंटेनन्स न भरलेल्यांची यादी खाली देत आहे. ए-१०१, ए-२०४, बी-१०४, बी-३०२.

डोंबिवलीकर (बी-३०२): माझं नाव चुकून आलंय.

खजिनदार (बी-१०२): चुकून नाही.