कायदा बदलला, आई तीच होती

"कायदा बदलला, आता घरी सांगायला कसली भीती?" माझ्यासारख्या समलिंगी मुलांना विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नावर थोडं. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ वर, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमावर, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा मी मेसमध्ये टीव्हीसमोर होतो. आनंद झाला, पण घास गिळवेना; शेजारचे फिदीफिदी हसत होते. संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का गेला, माझ्या मनातली लाज नाही गेली. आईला सांगायला आणखी तीन वर्षं लागली. ती मटार सोलत होती. सोलतच राहिली, मग म्हणाली, "बाबांना एवढ्यात नको सांगूस." (अजून सांगितलेलं नाही.) म्हणून घरच्यांच्या पैशावर शिकणाऱ्या पोराला "सांगून टाक" म्हणणं मला पटत नाही. आधी एखादा भरवशाचा मित्र बघ. मुंबईत असशील तर समलिंगी लोकांसाठी काम करणारी, १९९४ पासूनची हमसफर ट्रस्ट ही संस्था आहे, तिथे समुपदेशकाशी बोलता येतं.