एसएसएचने आत गेलो की सगळं चालतं, बाहेरून कमांड पाठवली की पाथच सापडत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले यात अडकलोय, कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

सर्व्हरवर उबुंटू आहे, शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) बॅश, नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या टाकायचं साधन) टाकलंय. लॉगिन करून आत गेलो की नोड मस्त चालतं. पण माझ्या लॅपटॉपवरून एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं, कमांड चालवायचं साधन), सर्व्हरचं नाव आणि पुढे लगेच कमांड असं एका ओळीत दिलं की 'कमांड नॉट फाउंड', एक्झिट कोड १२७. डिप्लॉयची स्क्रिप्ट अशीच चालते त्यामुळे दर वेळी हाताने आत जाऊन रीस्टार्ट करावं लागतंय, खरंच वैताग आलाय.

पाथ (शेल ज्या फोल्डरांत कमांड शोधतं ती यादी) ठरवणारी एक्स्पोर्टची ओळ डॉट प्रोफाइलमध्ये टाकून पाहिली, मग बॅशआरसीच्या (दोन्ही शेल सुरू होताना वाचायच्या फाइली) अगदी शेवटी, जिथे एनव्हीएमच्या ओळी आहेत तिथे, तरी तेच. पाथ छापून बघितला तर त्यात चक्क लॅपटॉपचेच फोल्डर, मग लक्षात आलं की डबल कोट्समुळे व्हेरिएबल इकडेच उलगडत होतं, सिंगल कोट्स दिल्यावर सर्व्हरचा खरा पाथ आला आणि त्यात एनव्हीएमचा पत्ताच नाही. नोडचा पूर्ण पाथ लिहिला तर नोड चालतं, पण एनपीएम (नोडची पॅकेजेस टाकायचं साधन) परत स्वतः नोड शोधायला जातं आणि तिथेच पडतं.

प्रतिसाद:
डॉट प्रोफाइल फक्त लॉगिन शेल वाचतं, तुमच्या कमांडचं शेल लॉगिनही नाही आणि इंटरॅक्टिव्हही (समोर बसून टाइप करायचं) नाही. बॅशआरसी मात्र अशा वेळीही वाचलं जातं, पण उबुंटूच्या त्या फाइलमध्ये सुरुवातीलाच केसचा (अट तपासणारा) एक तुकडा असतो, शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर तिथूनच रिटर्न! तुमच्या ओळी शेवटी, म्हणजे तिथवर कोणी पोचतच नाही. एक्स्पोर्ट आणि एनव्हीएमच्या ओळी त्या तुकड्याच्या वर न्या. फक्त तिथे एको वगैरे काही छापू नका, एससीपी आणि आरसिंक (फाइल पाठवायची साधनं) गडबडतात.

धागाकर्ता:
वर नेलं आणि पहिल्याच फटक्यात चाललं, खूप खूप आभार! पण तीच डिप्लॉयची कामं सर्व्हरवर क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) लावली तर परत १२७ येतोय, तिकडे बॅशआरसी वाचत नाहीत का?

प्रतिसाद:
नाही, क्रॉन ते बघतच नाही आणि शेलही साधं एसएच देतं. तुमची स्क्रिप्ट बॅशने चालवा आणि तिच्या सुरुवातीलाच एनव्हीएमची फाइल सोर्स करा (त्याच शेलमध्ये वाचून घ्या). क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) पाथ लिहायचाच असेल तर पूर्ण लिहा, तिथे डॉलर पाथ उलगडत नाही.