स्पेनमध्ये घर घेताना स्वतःचा वकील लागतोच का?

मेघना_डब्लिन:
आम्ही दोघं डब्लिनला असतो. तोर्रेविएखामध्ये दोन बेडरूमचा एक जुना फ्लॅट आवडलाय. मालक ब्रिटिश आहेत, तेही स्पेनमध्ये राहत नाहीत. एजंट म्हणतो, कागद शेवटी नोटरी तपासतोच, वकिलाचा खर्च कशाला? आणि हवाच असेल तर ‘आमचा वकील आहे’. तीन हजार युरो भरून फ्लॅट राखून ठेवा म्हणून मागे लागलाय, शुक्रवारपर्यंतची मुदत दिलीय. काय करावं?

वसुधा_वालेन्सिया:
मेघना, शुक्रवारचं दडपण घेऊ नकोस. वकील पैसे भरायच्या आधी गाठायचा. राखीव रकमेचा कागदसुद्धा त्याने वाचल्याशिवाय सही करू नका.

इथला नोटरी तटस्थ असतो. ओळख, रजिस्टरमधली (म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदवहीतली) मालकी, घरावरचा बोजा एवढं बघून तो खरेदीखत करून देतो. घर मोजायला तो जात नाही, आणि व्यवहार तुमच्या हिताचा आहे की नाही हे सांगणं त्याच्या कामात बसत नाही. एजंटला कमिशन बहुधा विकणारा देतो. आणि ज्या वकिलाला कामंच एजंटकडून मिळतात, तो तुम्हाला ‘हे घर सोडा’ असं कितपत मोकळेपणाने सांगेल?

आमच्या फ्लॅटची जाहिरात ९० चौरस मीटरची होती. वकीलबाईंनी रजिस्टरचा उतारा काढला, इथे त्याला नोता सिंप्ले म्हणतात, त्यात ७६ निघाले. मधला फरक म्हणजे गच्चीला काचा लावून केलेली खोली. नगरपालिकेत तिची परवानगी सापडली नाही. एजंटचं उत्तर, ‘इथे सगळेच करतात.’ बाईंनी ७६ मीटर धरूनच किंमत बोलायला लावली आणि मालक खाली आला. त्यांची फी त्या एका बैठकीत वसूल झाली असं मी आजही मानते.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. विकणारा अनिवासी असेल तर किमतीचे ३ टक्के तुम्ही कापून ठेवायचे आणि महिन्याभरात ‘मोदेलो २११’ या फॉर्मवर करखात्यात भरायचे. ते राहिलं तर त्याच्या कराची टांगती तलवार तुमच्या घरावर. दुसरं म्हणजे सोसायटीची थकबाकी. चालू वर्षाची आणि आधीच्या तीन वर्षांची थकबाकी घरासोबत नव्या मालकाकडे येते. सोसायटीकडून येणे-बाकीचा दाखला मागा. सहीच्या दिवशी कुणी म्हणेल, ‘दाखला नको असं लिहून द्या, वेळ वाचेल.’ अजिबात लिहून देऊ नका.

प्रसाद_के:
वसुधाताईंशी सहमत. विसाराबद्दल थोडं. दिवाणी संहितेच्या कलम १४५४ प्रमाणे तुम्ही मागे सरलात तर विसार जातो, विकणारा सरला तर त्याने दुप्पट परत द्यायचा. पण विसार याच प्रकारचा आहे हे करारात स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर वाद होतात. कर्ज घेणार असाल तर ‘कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत’ हे वाक्यही घालून घ्या. वकिलाचा सनद क्रमांक मागा आणि तिथल्या वकील संघटनेकडे पडताळा. एनआयई, म्हणजे स्पेनमध्ये परदेशी माणसाला मिळणारा ओळख क्रमांक, त्याचा अर्ज आत्ताच करा, त्याशिवाय खरेदी पुढे सरकत नाही.

मेघना_डब्लिन:
खूप आभार दोघांचे. फी साधारण किती होते? आणि दर वेळी तिकडे जाणं आम्हाला जमणार नाही.

वसुधा_वालेन्सिया:
बरेच जण किमतीच्या १ टक्क्याच्या आसपास घेतात, वर २१ टक्के आयव्हीए, म्हणजे इथला व्हॅट. स्वस्त घराला किमान फी ठरलेली असते, म्हणून आकडा आधी लेखी घ्या. येणं जमत नसेल तर वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र करा. डब्लिनमध्ये नोटरीसमोर सही करून परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा दाखला, घेता येतो. मात्र त्यात हेच घर आणि कमाल किंमत नमूद करा, सरसकट अधिकार देऊ नका.

आणि आज एवढं कर: एजंटकडून घराचा रजिस्टर क्रमांक माग. नोता सिंप्ले ऑनलाइन दहा-अकरा युरोत मिळते. क्रमांक द्यायला तो टाळाटाळ करू लागला तर इथे लिही.