सल्ला हवा: हळदीच्या ढिगापुढे गोदाक्का उठून दिसत नाही, लुगड्याचा रंग कुठला घ्यावा?

रेघोट्या_सांगली
ए५ मापाची २४ पानांची चित्रकथा क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतेय. काळ १९६० च्या आसपासचा, जागा सांगलीची हळद पेठ आणि हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. नायिका गोदाक्का पस्तिशीची, नऊवारी नेसणारी, हळकुंडं निवडायचं काम करणारी. लुगडं हळदीच्याच रंगाचं घेतलंय: लाल २२६, हिरवा १५८, निळा २८. कातडीचा रंग १६८, ११२, ७६. मोठ्या चौकटीत चालतं, पण लहान चौकटीत हात कुठला, पदर कुठला, कळत नाही. छपाई ऑफसेटवर, मॅपलिथो या बिनचकाकीच्या कागदावर. काय बदलू?

कुंचला_मिरज
ताई, कातडीला हात लावू नका, लुगडं बदला. तुमच्या कातडीचा ह्यू, म्हणजे रंगचक्रावरची जागा, २३ अंशांच्या आसपास आहे आणि पिवळ्याचा ३९. अंतर जेमतेम १६ अंशांचं. उजळपणातही कातडी ४९ टक्के, पिवळा ६४. दोन्हीकडून जवळ, म्हणून मिसळतात. पुष्कळजण अशा वेळी बाईला गोरी करून मोकळे होतात. त्यानं चौकट सुटते, पण उन्हात राबणारी गोदाक्का हातची जाते.

पिवळा रंग जागेचा आहे, तो जागेलाच राहू द्या. बाईच्या अंगावर तो फक्त तळव्यांना आणि बोटांच्या पेरांना असावा. हळद निवडणाऱ्या हातांवर तो चढतोच, आणि लहान चौकटीत वाचकाची नजर नेमकी कामाकडे जाते.

लुगडं गडद निळं इरकली घ्या: ३८, ४६, ८४. उजळपणा १९ टक्के, म्हणजे कातडीपासून ३० नं खाली. शाळेत शिकवतात त्या रंगचक्रात पिवळ्यासमोर जांभळा असतो, पण संगणकाच्या चक्रात ह्यू ३९ च्या समोर २१९ येतो, म्हणजे निळा. पदर लाल: १५०, ३४, ४०. चोळी खणाची, हिरवी: ४०, १०४, ७२. काठाला आणि पदरातल्या नक्षीला मळकट पांढरा: २३६, २२२, १९०.

शाई_आणि_कागद
निळ्या लुगड्याशी सहमत, चोळीशी नाही. लाल पदराचा उजळपणा २७ आणि त्या हिरव्याचा ३२. पदर चोळीवरूनच जातो, त्यामुळे लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या वाचकाला दोन्ही एकच कापड वाटेल. चोळी ५८, १२८, ८४ करा, उजळपणा ४० होईल. याहून वर नेऊ नका, नाहीतर बाही दंडात मिसळेल. आत्ताही तिथं फरक ९ चाच उरतो, म्हणून बाहीचा काठ मळकट पांढऱ्यानं जरूर काढा.

तपासायचं असेल तर सगळ्यात वर एक थर घ्या, करड्या रंगानं भरा, ब्लेंडिंग मोड (थर खालच्या चित्रात मिसळायची पद्धत) 'कलर' ठेवा. पान काळं-पांढरं दिसेल. मग चित्र अंगठ्याच्या नखाएवढं लहान करून बघा.

छपाईचं आत्ताच ठरवा. निळ्यात सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) या छपाईच्या शायांचे टक्के जवळजवळ आले की कागदावर जांभळा उतरतो. दोघांत निदान ३० चा फरक हवा: सायन ९५, मॅजेंटा ६५, पिवळा २५, काळा ३५ घ्या. एकूण २२० टक्के होतात. मॅपलिथो शाई पितो, त्यामुळे २४० च्या वर जाऊ नका. कातडीत सायन मॅजेंटाच्या निम्म्याच्या आत ठेवा, नाहीतर चेहरा हिरवट, आजारी दिसतो.

कुंचला_मिरज
चोळीचं बरोबर आहे, तुमचेच आकडे घ्यावेत.

आणखी एक, ढिगाबद्दल. पेठेतला हळकुंडांचा ढीग पुडीसारखा पिवळाधमक नसतो. उकडून वाळवलेलं, पॉलिश न केलेलं हळकुंड मातकट असतं, पॉलिश केलेलं फिकट पिवळं, आणि मोडलं की आत नारिंगी. भडक पिवळा फक्त पुडीला. ढीग मातकट ठेवून दोन-चार मोडलेली हळकुंडं नारिंगी दाखवलीत, तर चौकट सांगलीची वाटेल. पिवळ्याची सावली काळा मिसळून करू नका, ती शेवाळी होते. ह्यू नारिंगीकडे सरकवा: १८४, १०६, ३०.

रेघोट्या_सांगली
दोघांचेही आभार. बदल करून पाहिले, दंड सुटा झाला! आता पेवातल्या तीन चौकटी राहिल्यात. सावलीचा मल्टिप्लाय थर (खालचे रंग गडद करणारा) टाकला की लुगडं सरळ काळं होतं.

शाई_आणि_कागद
१९ टक्क्यांवर मल्टिप्लाय टाकल्यावर खाली काही उरतच नाही. त्या तीन चौकटींपुरतं मूळ लुगडं ५८, ७०, ११८ करा, उजळपणा २८ येईल. मग ७०, ६०, ९० रंगाचा थर मल्टिप्लायवर टाका, ओपॅसिटी ६० टक्के. पेवाचं तोंड अरुंद आणि पोट रुंद, त्यामुळे उजेड वरूनच येणार: डोकं, खांदा आणि पदराची वरची कड एवढ्यावरच बारीक थंड रेघ द्या. हनुवटीखाली उजेड नको. कंदील दाखवायचा असेल तर त्याच्या बाजूचा गाल तेवढा ह्यू २८ कडे न्या, दुसरा तसाच राहू द्या. आणि पेव उघडल्या-उघडल्या गोदाक्काला आत उतरवू नका. आतली कोंडलेली हवा जीवघेणी असते, झाकण काढून थांबलेली माणसं एका चौकटीत आधी दाखवा.